रिमोटने गाडी सुरू व्हायची, पण लगेच बंद पडायची

बाजारातून वेगळा घेतलेला रिमोट स्टार्टर, म्हणजे लांबून बटणाने इंजिन सुरू करणारं यंत्र, गाडीला बसवला. बटण दाबलं की इंजिनची स्टार्टर मोटर फिरायची, इंजिन पकडायचं आणि दोन सेकंदांत गप्प. किल्लीने मात्र गाडी व्यवस्थित चालू राहायची, म्हणजे बॅटरी किंवा पेट्रोलचा प्रश्न नव्हता. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत होता, त्यावरून उलगडा झाला. किल्लीतली चिप दिसली नाही की इमोबिलायझर, म्हणजे गाडीची चोरी रोखणारी यंत्रणा, इंधन तोडतो. माझ्या मॉडेलसाठीचं बायपास मॉड्यूल (रिमोटने सुरू करताना इमोबिलायझरला किल्लीची ओळख पटवणारा डबा) जोडून त्याला किल्लीची ओळख करून दिली, आणि इंजिन टिकलं. जादा किल्ली डॅशबोर्डमागे लपवायचा उपायही लोक करतात. मला तो पटत नाही, चोराला आयतं आमंत्रण.

यानंतर इंजिन सुरू झाल्यावरही स्टार्टर मोटर गरजेपेक्षा जास्त वेळ घरघरायची. रिमोट स्टार्टरच्या युनिटला इंजिनच्या फेऱ्यांचा सिग्नल शिकवला, तेव्हा ती वेळेवर सुटू लागली. वायरी चिमट्याच्या कनेक्टरने न जोडता सोल्डर केल्या. इग्निशनच्या वायरीतून बराच करंट जातो, ढिला जोड तापतो.

रिमोट स्टार्टर निवडताना रिमोटच्या रेंजपेक्षा गाडीशी जुळणारं बायपास मॉड्यूल मिळतं का, ते आधी बघा. बॉनेट उघडं असताना इंजिन सुरू न होऊ देणारा स्विच जोडलाच पाहिजे. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. मॅन्युअल गिअरच्या गाडीत मी हे बसवणार नाही, कारण गिअरमध्ये राहिली तर ती रिकामीच पुढे उडी मारेल. आणि बंद गॅरेजमध्ये बटणाला हातसुद्धा लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.