जुन्या व्यावसायिक बास्केटबॉल हंगामाचा तक्ता कसा वाचावा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलामुलींनी बीएए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा (आजच्या एनबीएचे मूळ रूप) १९४६-४७ चा पहिला हंगाम अभ्यासायला घेतला, तर १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोत न्यूयॉर्कने जिंकलेल्या पहिल्याच सामन्याचा ६८-६६ हा कमी गुणांचा निकाल पाहून तो खेळ दुबळा असावा, असे त्यांना वाटू शकते. म्हणून गुणांआधी त्या वर्षीचे नियम वाचावेत.

सामना तेव्हाही ४८ मिनिटांचाच होता. मात्र चेंडू किती वेळ हातात ठेवावा, याला मर्यादा नव्हती. याचा अर्थ मैदानावरच समजून घ्यावा. आपल्याकडील अनेक शाळांत शॉट क्लॉक (बास्केटच्या प्रयत्नासाठी संघाला मिळालेला वेळ मोजणारे घड्याळ) नसल्यामुळे हा प्रयोग सोपा आहे; उन्हाळ्यात तो सकाळी लवकर उरकावा. आधी १० मिनिटे मर्यादेविना खेळावे आणि आघाडीवरील संघाला चेंडू राखायला सांगावे. नंतर तेवढाच वेळ प्रशिक्षकांनी स्टॉपवॉचवर २४ सेकंद मोजावेत आणि दोन्ही वेळचे बास्केटचे प्रयत्न वहीत लिहावेत. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असे कसे हरवले, हे त्या आकड्यांतून कळते. १९५४-५५ मध्ये २४ सेकंदांचा नियम आला आणि प्रत्येक संघाची सामन्यातील सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली.

यानंतर जय-पराजयांचा रकाना पाहावा, परंतु तो एकसंध वाचू नये. वॉशिंग्टन कॅपिटल्सने पहिल्या हंगामात ६० पैकी ४९ सामने जिंकले. घरच्या मैदानावर २९ विजय व १ पराभव, तर बाहेर २० विजय व १० पराभव, अशी फोड केली की प्रवासाचा आणि परक्या मैदानाचा भार दिसू लागतो. मग बाद फेरीची रचना तपासावी, कारण माझ्या मते या हंगामाचे मर्म तिथेच आहे: दोन्ही विभागांतील अव्वल संघांची गाठ एकमेकांशीच घालून दिली होती, त्यामुळे वॉशिंग्टन शिकागोकडून ४-२ असे हरून बाहेर पडले आणि पूर्व विभागात दुसऱ्या आलेल्या फिलाडेल्फियाने अंतिम मालिकेत शिकागोला ४-१ असे नमवून विजेतेपद मिळवले.

वैयक्तिक आकडे शेवटी घ्यावेत. फिलाडेल्फियाच्या जो फल्क्सची सामन्यामागे २३.२ गुणांची सरासरी त्या हंगामात सर्वोच्च होती. ती आजच्या खेळाडूंशी न जोडता त्याच वर्षीच्या इतर खेळाडूंशी ताडून पाहावी. रिबाउंडची (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेण्याची) अधिकृत नोंद १९५०-५१ पासून सुरू झाली, म्हणून त्याआधीच्या हंगामांचा तक्ता वहीत उतरवताना तो रकाना कोरा ठेवावा, तिथे शून्य लिहू नये.