व्याज साचवणाऱ्या फंक्शनमधली चूक कशी शोधावी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यासाठी मी पायथॉनमध्ये चक्रवाढीचं फंक्शन लिहिलं. उचल १,००,००० रुपये, महिन्याला १ टक्का. वर्षाअखेरची बाकी आली १,११५ रुपये ६७ पैसे! मुद्दलसुद्धा गायब.

अशा वेळी कोड वाचत बसू नका. आधी वही घ्या आणि तीनच महिने हाताने मांडा. दर १, १ आणि १.२५ टक्के धरा: १,०१,०००, मग १,०२,०१०, मग १,०३,२८५.१२५. आता फंक्शनच्या आत प्रत्येक फेरीला साचलेली रक्कम आणि त्या महिन्याचा दर छापा. वहीशी पहिला फरक जिथे पडेल, चूक तिथेच.

माझी पहिल्याच फेरीत सापडली. दरांची यादी मी रिड्यूसला दिली होती; ते पायथॉनचं फंक्शन यादीतले आकडे एकेक घेऊन एकच उत्तर साचवत नेतं. त्याला सुरुवातीची किंमत दिली नाही, तर ते यादीतला पहिला आकडाच साठा समजतं. म्हणजे ०.०१ हा दर माझं मुद्दल झाला होता! सुरुवातीला १ द्या, आणि साचलेल्या गुणाकाराला शेवटी मुद्दलाने गुणा. ० दिलात तर गुणाकार शेवटपर्यंत शून्यच राहतो. दुरुस्तीनंतर उत्तर १,१२,६८२.५० आलं. नेमके १,१२,००० आले असते, तर दर गुणले न जाता बेरजेत गेलेत असं समजा.

पैशाला फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका, डेसिमल (दशांश नेमके साठवणारा) वापरा, आणि पूर्णांकन कसं करायचं ते स्पष्ट सांगा. पैशापर्यंत आणताना वरचे .१२५ डेसिमल आपणहून .१२ करतं, व्यापाऱ्याच्या वहीत .१३ असतात. तो एक पैसा त्यांनी मला बोट ठेवून दाखवला होता.