जुनी फायबरची शिडाची बोट निवडताय? या चुका टाळा

प्रश्न ठरलेला असतो. दोन बोटी बघितल्यात, दोन्ही ३० फुटी, दोन्ही चाळीसेक वर्षांच्या, एक कॅटालिना ३० आणि एक जे ३०, तर क्रूझिंग, अधूनमधून रेसिंग आणि वर कायमचं राहणं या तिन्हीला कुठली घेऊ? तिन्हीला चालेल अशी यातली एकही नाही, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो दुसऱ्या कोणाला तरी विचारायला जातो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे लांबीवरून तुलना करणं. दोघींची पाण्यालगतची लांबी साधारण २५ फूट, म्हणजे हल स्पीडचं (हल म्हणजे बोटीचं धड, त्याच्या लांबीवरून निघणारा साधारण कमाल वेग) गणित करायचं तर २५ चं वर्गमूळ ५, गुणिले १.३४, आले ६.७ नॉट्स (ताशी सागरी मैल), दोघींचे सारखेच. मग लोक खूश, 'स्पीड सेम आहे, मग आतून ऐसपैस आहे ती घेऊ'. अरे पण वजन बघा ना! कॅटालिना साधारण १०,२०० पौंड, जे साधारण ७,०००. किलोत सांगायचं तर ४६०० आणि ३२००. हल स्पीड ही वरची मर्यादा झाली, तिथपर्यंत पोचायला हलक्या वाऱ्यात किती वेळ लागतो हा खरा मुद्दा, आणि आपलं बहुतेक सेलिंग हलक्या वाऱ्यातच होतं. पीएचआरएफ रेटिंग (रेसमध्ये बोटीला मैलामागे मिळणारी सेकंदांची सूट, आकडा कमी तितकी बोट वेगवान) जागेप्रमाणे थोडं बदलतं, पण जे १४० च्या आसपास आणि कॅटालिना १८० च्या आसपास धरा, म्हणजे मैलामागे चाळीसेक सेकंद. दहा मैलांच्या रेसमध्ये साडेसहा मिनिटं होतात ती.

म्हणजे जे घ्यावी का? रेसिंग करायचं असेल तर डोळे झाकून घ्या. पण तिच्यावर राहायला गेलात की पाणी, डबे, हत्यारं, जादाची साखळी, पुस्तकं, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले पंप असं करत करत वर्षा-दोन वर्षांत सात-आठशे किलो कधी चढले कळत पण नाही. कॅटालिनाला तो सहावा हिस्सा, जे ला जवळपास पाव. मग ती बसते पाण्यात आणि ज्या स्पीडसाठी घेतली तोच गेला. राहत्या जुन्या बोटीवर पाण्याच्या रेषेचा रंगीत पट्टा नीट बघा, तो वर सरकवून पुन्हा रंगवलेला असेल तर मालकाने काय काय भरलं होतं ते न विचारता समजतं.

आता माझी आवडती चूक, कारण ती मी स्वतः केलीय. डेक न ठोकता बोट घेणं.

माझी पहिली बोट चकाचक होती. पॉलिश केलेलं, आत नव्या गाद्या, आणि मी गाद्यांवर बसून बघितलं, डेकवर गुडघे टेकून नाही. सर्व्हेयरचे (घेण्याआधी बोट तपासून देणाऱ्याचे) पैसे वाचवले याचा वर अभिमान. पहिल्याच सीझनला एक हलणारी क्लीट (दोर बांधायची खुंटी) काढायला गेलो, बोल्ट जवळजवळ हातानेच निघाला आणि भोकातून चहाच्या रंगाचं पाणी. भोकात करंगळी घालून बघितलं तर आतला बाल्सा (फायबरच्या दोन थरांमध्ये भरलेलं हलकं लाकूड) ओल्या भुशासारखा नखात आला. म्हटलं इथलंच असेल एवढं, वीतभर कापू. वीतभर करत करत मास्टपासून (डोलकाठीपासून) मागच्या बसायच्या जागेपर्यंतचा, म्हणजे कॉकपिटपर्यंतचा एका बाजूचा अख्खा डेक उघडावा लागला, वरचं फायबर कापा, कुजलेलं खरवडा, वाळू द्या, नवीन बाल्सा, इपॉक्सी, परत ग्लास, परत घासा. सीझन गेला. खाज सुटायची ती वेगळीच.

तेव्हापासून मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने सगळा डेक ठोकतो, हातभर अंतरावर नाही, चार बोटांवर. टक्क आवाज आला तर ठीक, थप्प आला तर खडूने खूण. स्टँचियन (कडेच्या कठड्याचे खांब), चेनप्लेट (मास्टच्या तारा बोटीला जोडणाऱ्या पट्ट्या) आणि मास्टच्या पायथ्याशी जास्त वेळ. मालक वैतागतो, वैतागू दे. मॉइश्चर मीटर आणून दोन मिनिटांत निकाल लावणारे पण असतात, बोट नुकतीच पाण्याबाहेर काढली असेल किंवा तळाला तांबं मिसळलेला रंग असेल तरी मीटर आकडा वर दाखवतं हे त्यांच्या गावीही नसतं. आणि जे ३० मध्ये नुसत्या डेकमध्येच नाही, हलमध्ये पण बाल्सा आहे, तेव्हा पाण्याखालच्या प्रत्येक भोकाच्या कडेला ठोका. कॅटालिनाचा हल सलग फायबरचा, पण सुरुवातीच्या बोटींमध्ये कीलच्या (तळाखालच्या वजनदार पात्याच्या) वरच्या भागात प्लायवूड घातलेलं होतं. कीलच्या सांध्याला पुढच्या बाजूला हसल्यासारखी चीर दिसते तिला 'कॅटालिना स्माइल'च म्हणतात. बोल्ट आवळून आणि वर पुट्टी लावून ती जाते असं सांगणारे भेटतील, पण आतलं लाकूड कुजलं असेल तर बोल्ट नुसताच आवळत राहतो.

बाकीच्या पटकन सांगतो. मास्ट धरणाऱ्या स्टीलच्या तारा कधी बदलल्या विचारा, 'चांगल्या दिसतात' हे उत्तर नाही, दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर बदलायच्या हे धरूनच चला. तळाला चार फोड दिसले म्हणून पळून जाऊ नका, ऑस्मोसिसची (फायबरमध्ये पाणी मुरून फोड येण्याची) भीती लोकांना उगाच जास्त असते आणि सडक्या डेकची अजिबात नसते. शिडं पिशवीतून काढून उघडून बघा. राहायचं असेल तर पाच मिनिटं आडवं पडून काय होणार, एक रात्र झोपा वर.

आणि इंजिन थंड असताना चालू करून बघा. मी बोटीवर गेल्यागेल्या आधी इंजिनावर हात ठेवतो, गरम लागलं तर मालकाने आधीच चालवून ठेवलंय हे ओळखून गप्पा मारून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन न करता जातो.