घरच्या विहिरीचे पाणी सुरक्षित कसे ठेवावे

नळाच्या पाण्यावर लक्ष ठेवायला कुठले तरी खाते असते. घरच्या विहिरीला तसे कोणी नसते, तिची सगळी जबाबदारी आपलीच. आणि विहिरीचे मालक बहुतेक वेळा फसतात ते पाण्याच्या नितळपणाला. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपातून पटकीची साथ पसरली. त्या पंपाचे पाणी लोकांना इतके आवडायचे, की दुसरीकडे राहायला गेलेली एक बाई मुद्दाम तेच मागवून पीत असे. तीही त्या साथीत दगावली. पुढे खोदून पाहिले तेव्हा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर मैल्याचा खड्डा निघाला, त्याच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या. तेव्हा चव, वास आणि रंग यांवर विसंबू नका.

आधी विहिरीभोवती फिरा

पाण्याची शंका आली की माणसे पहिल्यांदा ब्लीचिंग पावडर आणतात. माझ्या मते ते नंतरचे काम आहे. पावडर आज विहिरीत असलेले जंतू मारते. उद्या भेगेतून येणाऱ्या घाणीचे ती काही करू शकत नाही.

कठडा जमिनीपासून निदान ७० सेंटिमीटर उंच हवा. त्याच्याभोवती किमान एक मीटर रुंद पक्का ओटा, ओट्याला बाहेरच्या अंगाला उतार आणि सांडलेले पाणी लांब नेणारी पन्हळ हवी. शौचालयाचा शोषखड्डा, गोठा, उकिरडा हे सगळे किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावे. खडक भेगाळ असेल तर एवढे अंतरही पुरत नाही, कारण भेगांमधून पाणी गाळले न जाताच धावते.

आता एक साधी गोष्ट करून पाहा. ओट्यावर दोन-तीन बादल्या पाणी ओता, गप्प उभे राहा आणि विहिरीत कान द्या. थोड्या वेळाने आतून टप टप ऐकू आले किंवा बांधकामाच्या आतल्या अंगावर नवा ओघळ चमकला, तर भेग सापडली. तिथे धुतलेल्या कपड्यांचे, पायांचे, भांड्यांचे पाणी रोज याच वाटेने तुमच्या पिण्याच्या पाण्यात उतरत होते. ती भेग सिमेंटने बुजवा, आणि वरच्या सहा मीटरपर्यंतच्या बांधकामाचे सांधेही भरून घ्या.

तोंडावरची जाळी पाला अडवते, पक्ष्यांची विष्ठा अडवत नाही. घट्ट झाकण आणि पंप हाच चांगला उपाय. पाणी शेंदूनच काढत असाल तर विहिरीची बादली एकच ठेवा आणि ती जमिनीवर टेकवू नका. बोअर असेल तर केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेला पाइप, जमिनीच्या वर आले आहे ना, टोपण घट्ट आहे ना, हे पाहा.

मग नमुना तपासा

वर्षातून एकदा तरी तपासणी हवीच. मोठ्या पावसानंतर केली तर विहिरीचे खरे दुखणे कळते. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली आणा आणि ती विसळू नका. तोटीची जाळी काढा, तोटी धातूची असल्यास ज्योतीने शेका, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्या आणि बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

अहवालात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू, एकही नसावा. रसायनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लिटरमागे अशा: नायट्रेट ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. घरात बाटलीने दूध पिणारे तान्हे बाळ असेल तर नायट्रेटची तपासणी अजिबात टाळू नका. खतातून आणि मैल्यातून येणारे हे नायट्रेट बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करते, ओठ आणि कातडी निळसर पडू लागते. आणि हे नीट लक्षात ठेवा: उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. अशा वेळी बाळासाठी दुसरीकडचे सुरक्षित पाणीच आणा.

जंतूंसाठी मात्र उकळणे उत्तम. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे. तुरटीने गाळ खाली बसतो, पण त्यामुळे पाणी निर्जंतुक झाले असे समजू नका.

क्लोरीन कसे टाकावे

आधी पाणी मोजा. विहीर तीन मीटर रुंद आणि आत चार मीटर पाणी असेल तर ३.१४ × १.५ × १.५ × ४ म्हणजे साधारण २८ घनमीटर, म्हणजेच २८,००० लिटर. ताज्या ब्लीचिंग पावडरीचे प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणून इथे ७० ग्रॅम. उघडी पडलेली, दमट झालेली जुनी पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

उघड्या हवेत प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. साका खाली बसेल. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. साका विहिरीत टाकू नका, तो चुना असतो. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-तिडवी हलवा, म्हणजे औषध सगळीकडे मिसळेल. निदान एक तास पाणी काढू नका. रात्रीचा शेवटचा उपसा झाल्यावर हे केले तर सकाळपर्यंत वेळ मिळतो. पावडरीत आम्ल किंवा दुसरे कुठलेही सफाईचे औषध मिसळू नका, विषारी वायू निघतो.

गाळ काढायला किंवा पडलेली बादली आणायला कोणालाही एकट्याने विहिरीत उतरू देऊ नका. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, आणि आत इंजिन चालले असेल तर त्याचा धूर मिनिटांत जीव घेतो. एकजण बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो आणि तोही जातो.

पुराचे पाणी आत शिरले असेल तर हे रोजचे प्रमाण पुरणार नाही. पाणी उपसून, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने जास्त मात्रा द्यावी लागते, आणि तपासणी होईपर्यंत ते पाणी प्यायचे नाही.

क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी, पुन्हा नमुना पाठवा. जंतू परत आले असतील तर पावडर वाढवत बसू नका. बादली घ्या, ओट्यावर पाणी ओता आणि पुन्हा कान द्या.