शाहीर कुणाला म्हणायचं आणि कसं लिहायचं

वाळवा तालुक्यातल्या यात्रा, शिवजयंती, १ ऑगस्टची अण्णाभाऊंची जयंती अशा कार्यक्रमांचं निवेदन मी करतो. मंडळाची पोरं फ्लेक्सचा मजकूर आधी दाखवायला आणतात, तेव्हा हमखास एक गोष्ट अडते: पाहुण्याच्या नावाआधी काय लावायचं? शाहीर, कवी की गीतकार?

आधी एवढं बघा, की हा माणूस स्वतःचं कवन घेऊन लोकांपुढं उभा राहतो का. कवन रचायचं आणि डफावर थाप मारून, मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांच्या साथीनं तेच गायचं, अशी दोन्ही कामं करणारा तो शाहीर. हल्ली दुसऱ्याचा पोवाडा गाणाऱ्यालाही शाहीर म्हणतात. खुशाल म्हणा, पोवाडा त्याच्याच गळ्यावर जगलाय. मात्र रचना कुणाची, हे माईकवरून सांगितल्याशिवाय सोडू नका. ज्यानं रात्र जागून शब्द जुळवले त्याचं नाव गाळणं मला सहन होत नाही.

नुसतं लिहून देणाऱ्याला मात्र शाहीर म्हणू नये, यावर मी ठाम आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातलीच माणसं घ्या. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५) ब्राह्मणाच्या घरातून तमाशात गेले, पठ्ठे बापूराव झाले. लावण्या रचल्या आणि त्या घेऊन फडात उभे राहिले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं, कामगारांपुढं पोवाडे गायले. हे दोघं शाहीर. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे गदिमा यांनी सिनेमासाठी अस्सल लावण्या लिहिल्या, तरी त्यांना आपण कवी म्हणतो, गीतकार म्हणतो. मान तिघांचाही मोठाच, काम वेगळं.

‘लोकशाहीर’ ही पदवी लोकांनी दिलेली असते. गावातल्या प्रत्येक गाणाऱ्याला ती लावू नका. आणि बोलताना ‘लोक’नंतर किंचित थांबा. घाईत ‘लोकशाही’ ऐकू येतं आणि शेवटचा ‘र’ लोंबकळतो. फ्लेक्सवर शब्द दोन ओळींत तोडावा लागला, तर तोही ‘लोक’नंतरच तोडा.

शाही थाट, शाही मिरवणूक यातल्या ‘शाही’शी शाहिराचा संबंध जोडणारी भाषणं मी ऐकलीत. तसा संबंध नाही. ‘शाइर’ म्हणजे कवी, या अरबी शब्दावरून तो आला. उर्दूतला शायरही तिथलाच.

बाईनं पोवाडा गायला तर तिलाही शाहीरच म्हणा, वेगळा शब्द घडवत बसू नका. ‘शाहीर आल्या’ म्हटलं की झालं. समोर असतील तर ‘या शाहीर, बसा’ एवढं पुरतं. लिहिताना ‘श्री. शाहीर’ असं दुहेरी नको, नावाआधी नुसतं शाहीर लावा.

राहिली वेलांटी. सुट्या शब्दात ‘ही’ दीर्घ: शाहीर. शब्दाला प्रत्यय लागला की ऱ्हस्व: शाहिरांचा, शाहिरांना, शाहिरी. म्हणजे पत्रिकेत ‘शाहीर सायंकाळी ७ वाजता येतील’ आणि त्याखाली ‘शाहिरांचा सत्कार सरपंचांच्या हस्ते’. छापायला द्यायच्या आधी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचून बघा.