उन्हाळ्यात टेनिस कोर्टवर नवा थर देताना

आधी कोर्टवर भरपूर पाणी सोडा आणि उन्हात तासभर थांबा. तरीही जिथे डबकं उरलंय, तिथे खडूने कडा आखा. त्यात आडवं ठेवलेलं नाणं पाण्याखाली पूर्ण झाकलं जात असेल, तर तो खळगा भरायलाच हवा. नुसत्या रंगाने तो झाकला जात नाही. ॲक्रिलिकचे (कोर्टच्या रंगीत लेपाचे) थर मात्र सकाळी लवकरच घ्या. तापलेल्या डांबरावर माल पसरता पसरताच सुकतो, स्क्वीजीच्या (माल पसरवायच्या रबरी पट्टीच्या) रेघा उमटतात आणि पुढच्या थरातूनही दिसत राहतात. ऊन चढू लागलं की पृष्ठभागावर पाण्याचा हलका फवारा मारा, पण पाणी साचू देऊ नका. काँक्रीट नवं असेल तर कितीही घाई असो, २८ दिवस त्यावर थर चढवू नका.