हळदीची बातमी आली की लगेच नाचू नका

आपल्या सांगलीत हळदीचं काहीही आलं की घरच्या ग्रुपवर धुरळाच उडतो, परवा काकांनी टाकलं ‘हळदीने कॅन्सर बरा, शास्त्रज्ञ थक्क’ आणि खाली लगेच सतरा अंगठे, आमच्या मातोश्रींनी तर दुधात दोन चमचे हळद घालून ग्लास पुढ्यात ठेवला पण.

तर अशा वेळी पहिलं काम, हेडिंग सोडून आत शिरायचं आणि प्रयोग कुणावर केलाय ते शोधायचं. काचेच्या बशीतल्या पेशी, उंदीर का माणसं? बशीत पेशी तर ब्लीचनेपण मरतात ओ! मग डोस बघा. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, असतं साधारण 2 ते 5 टक्के, आणि खाल्लेलं रक्तात फारच कमी उतरतं, म्हणजे प्रयोगात वापरलेला शुद्ध अर्क वेगळा अन् आपली मार्केट यार्डातली पावडर वेगळी. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते खरंय, पण तो मान जागेचा, औषधाचा नाही.

एवढं बघून मग खुशाल अंगठा द्या. काकांना मात्र ग्रुपवर खोटं पाडू नका, बाजूला फोन करा, नाहीतर दिवाळीला भडंग मिळायचा नाही.